शेजाऱ्यांचं वाढीव बांधकाम आणि नऊ इंचांचा वाद: जोतं भरण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या उपनगरात मंजूर बिगरशेती लेआउटमधला दोन गुंठ्यांचा प्लॉट, 33 बाय 66 फूट. वडिलांनी 1994 साली घेतला, 1998 साली तळमजल्याचं घर बांधलं आणि त्याच वर्षी कंपाउंड घातलं. पूर्वेकडच्या शेजारच्या काकांनी गेल्या आठवड्यात त्यांचं घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात एक खोली आणि बाथरूमसाठी खड्डे काढायला सुरुवात केली. खड्डे कंपाउंडला चिकटून आहेत. भिंत उभी राहिली की तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जेमतेम साडेचार फुटांवर येणार. विचारायला गेलात तर काका म्हणाले, "आमच्या जागेत आम्ही बांधतोय. आणि तसं बघितलं तर तुमचं कंपाउंडच नऊ इंच आमच्यात आहे." तुम्हाला जाणून घ्यायचंय की काम थांबवता येतं का, खिडकीच्या उजेडावर आपला हक्क आहे का, नऊ इंच खरे निघाले तर काय, आणि पुढच्या वर्षी आपल्यालाही वर मजला चढवायचा आहे त्यात हे भांडण आडवं येईल का.

मी एकतीस वर्षं घरांची कामं करतोय, स्थापत्य अभियंता म्हणून. हद्दीच्या वादात दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय. कधी बांधणाऱ्याचा इंजिनिअर म्हणून, कधी हरकत घेणाऱ्याचा. कोर्टाच्या मोजणीच्या वेळी टेपचं दुसरं टोक धरूनही बऱ्याचदा उन्हात उभा राहिलोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्याकडे वेळ आहे, पण फार नाही. एका खोलीच्या कामात खड्डे, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट), फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया), प्लिंथ बीम आणि मुरमाचा भराव होऊन जोतं तयार व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. जोतं झालं की समोरच्याचे लाख-दीड लाख जमिनीत गेलेले असतात. मग तो ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. पुढे कोर्टात गेलात तर तिथला पहिला प्रश्न हाच असतो की पाया खणताना तुम्ही काय केलंत. म्हणून पुढचं सगळं या पंधरवड्यातलं समजून वाचा.

आज संध्याकाळच्या आत फोटो काढा. तुमच्या आवारातूनच, त्यांच्या हद्दीत पाय न टाकता. तुमच्या घराच्या भिंतीपासून खड्ड्याच्या कडेपर्यंत टेप धरा, आकडा स्पष्ट दिसू दे, आणि फोटोत नळाचा खांब, खिडकीचा कोपरा अशी न हलणारी एखादी वस्तू येऊ दे. मग स्वतःच्या घराचेही फोटो काढा. पूर्वेकडच्या भिंतीला आधीपासून असलेला प्रत्येक तडा, त्याच्या शेजारी पेन्सिलने तारीख. ज्या तड्याची शंका आहे त्याच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा. भिंत हलली तर काच तडकते, भिंत स्थिर असेल तर काच शाबूत राहते. पुढे "हा तडा तुमच्या खणण्यानं पडला" आणि "छे, तो जुनाच होता" हा वाद सहा महिने चालतो. दहा रुपयांची काच तो मिटवते, आणि दोन्ही बाजूंना न्याय देते.

त्यानंतर पुन्हा काकांकडे जा. एकटे जाऊ नका, घरातलं वडीलधारं माणूस सोबत न्या. "परवानगी काढलीय का?" असं दारात उभं राहून विचारलं की समोरच्याला तो पोलिसांचा प्रश्न वाटतो. "काका, नकाशा बघायला मिळेल का? आमच्या भिंतीच्या जवळ खणताय म्हणून जरा काळजी वाटते, आमच्या इंजिनिअरना दाखवून घेतो," असं म्हणा. यात खोटं काही नाही, काळजी खरीच आहे. नकाशा असेल तर ते बहुतेक दाखवतील. नसेल तर तेही त्याच बैठकीत कळेल. आणखी एक गोष्ट तिथेच विचारा, ती म्हणजे फुटिंग कसलं आहे.

या फुटिंगबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हद्दीच्या भांडणात लोक जमिनीच्या वरचं बघतात आणि खरं अतिक्रमण खाली असतं. समजा काकांनी नऊ इंची कॉलम बरोबर हद्दीच्या रेषेला टेकवून उभा केला. मिस्त्री सवयीने कॉलमच्या मध्याखाली साडेचार फुटी चौरस फुटिंग टाकतो. कॉलमचा मध्य हद्दीपासून साडेचार इंच आत, आणि फुटिंगची निम्मी रुंदी सत्तावीस इंच. म्हणजे साडेबावीस इंच, जवळजवळ दोन फूट काँक्रीट तुमच्या जमिनीखाली आलं. वरून बघणाऱ्याला भिंत अगदी हद्दीत दिसते. एका कामावर आम्ही नव्या घराचा खड्डा काढत होतो. साडेतीन फुटांवर कुदळ खणकन वाजली. माती हाताने बाजूला केली तर शेजारच्या बारा वर्षं जुन्या घराचं फुटिंग आमच्या जागेत पसरलेलं. ते तोडलं तर त्यांचं घर बसतं, ठेवलं तर आमचा कॉलम बसत नाही. शेवटी आमच्या मालकांनी स्वतःच्या जागेतले दोन कॉलम आत घेतले, हॉल पावणेदोन फुटांनी लहान झाला, आणि त्या दोन घरांमध्ये दिवाळीच्या फराळाची ताटं जाणं तेव्हापासून थांबलं.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. हद्दीजवळच्या कॉलमला विकेंद्री फुटिंग घ्यायचं, म्हणजे सगळं फुटिंग आतल्या बाजूला, आणि ते आतल्या कॉलमच्या फुटिंगशी स्ट्रॅप बीमने बांधायचं. सळई थोडी जास्त जाते, पण डिझाइन इंजिनिअरनेच करायला हवं, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडता येत नाही. काकांशी बोलताना एवढं एक मान्य करून घेतलंत तरी फेरी फुकट गेली नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. सांगलीकडे काळी माती, कठीण मुरूम लागेपर्यंत पाच-सहा फूट जावं लागतं. तुमच्या कंपाउंडचा पाया दीड-दोन फूट असेल. त्याला चिकटून सहा फुटी खड्डा उघडा राहिला आणि त्यात एक वळवाचा पाऊस पडला तर कंपाउंड खड्ड्यात जाणार, हे मी छातीठोक सांगतो. घराच्या पायासाठी आमचा अंदाज असा असतो: जुन्या पायाच्या तळाच्या कडेपासून खाली 45 अंशांत रेघ ओढायची, नवा खड्डा त्या रेघेच्या वर राहिला तर ठीक. तुमचा घराचा पाया चार फूट खोल आणि खड्डा त्यापासून चार फुटांवर सहा फूट खोल असेल, तर फरक दोन फुटांचा, म्हणजे घराला धोका कमी. तरी काळ्या मातीत मी एका वेळी एकच खड्डा काढायला लावतो. तो भरला की मग पुढचा. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. शेजारच्या जमिनीने आपल्या जमिनीला दिलेला आधार हा प्रत्येक मालकाचा नैसर्गिक हक्क म्हणून 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात मान्य केलेला आहे. "माझ्या जागेत मी कितीही खोल खणीन" हे म्हणणं तिथे टिकत नाही.

आता ते नऊ इंच. रागावू नका, पण काकांचं म्हणणं खरं असू शकतं. कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द नव्हे. हे मला स्वतःला महागात शिकावं लागलं. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी एका कामात मी जुन्या कंपाउंडपासून मापं टाकून जोतं आखलं. मोजणी झाली तेव्हा ते कंपाउंडच सात इंच बाहेर निघालं. जोत्याची एक बाजू फोडावी लागली. मालकाने मला शब्दानेही दोष दिला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून हद्द कायम मोजणीशिवाय, म्हणजे हद्दीच्या खुणा ठरवून देणाऱ्या सरकारी मोजणीशिवाय, मी चुन्याची फक्की जमिनीवर टाकत नाही.

लेआउटमध्ये हे का होतं तेही समजून घ्या. रांगेतला पहिला प्लॉटवाला कंपाउंड घालतो तेव्हा रस्त्याच्या कडेपासून टेप धरतो. रस्ता नकाशात तीस फुटी असतो, जागेवर खडीची कड कुठेतरी आत-बाहेर असते. तिथे नऊ इंच गेले की दुसरा पहिल्याच्या कंपाउंडपासून मोजतो, तिसरा दुसऱ्याच्या. सगळी रांगच नऊ इंच सरकते. म्हणजे तुमचं कंपाउंड पूर्वेला काकांच्यात नऊ इंच असेल, तर पश्चिमेच्या शेजाऱ्याचं तुमच्यात नऊ इंच असण्याचीही बरीच शक्यता आहे. प्रत्येकाची जागा भरते, फक्त सरकलेली असते. असं निघालं तर सगळ्यांनी मिळून आहे ती वहिवाट लेखी मान्य करणं सगळ्यात शहाणपणाचं. पण ते कळण्यासाठी आधी मोजणी हवी.

नऊ इंच म्हणजे किती हेही मनाशी मांडून ठेवा. 66 फुटांच्या बाजूला नऊ इंच म्हणजे साडेएकोणपन्नास चौरस फूट, एका बऱ्यापैकी बाथरूमएवढी जागा. दुर्लक्ष करण्याइतकी ती कमी नाही. पण नकाशावर डोळ्यांनी ती दिसतही नाही. 1:500 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जागेवर 25 सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळपास दहा इंच. झेरॉक्सवर पट्टी ठेवून "बघा, इथे दिसतंय" म्हणणारे दोन्ही बाजूंचे लोक त्या रेघेच्या जाडीवरच भांडत असतात.

म्हणून भूमि अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. अर्ज ऑनलाइन होतो. डिसेंबर 2024 पासून मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवलेत. तुमच्या परिस्थितीत द्रुतगतीचे जादा पैसे भरा. शक्य असेल तर काकांना म्हणा, दोन्ही प्लॉटची मोजणी एकाच दिवशी करून घेऊ, खर्च निम्मानिम्मा. एकट्याच्या प्लॉटची मोजणी दुसऱ्याला कायम संशयास्पद वाटते. लगतच्या धारकांना खात्याची नोटीस जातेच, आणि त्या दिवशी हजर राहायचं असतं. हजेरीची सही म्हणजे संमती नव्हे, हे काकांनाही समजावून सांगा. लोक सही टाळून निघून जातात आणि नंतर "आम्ही नव्हतो" म्हणतात, त्याने काही साधत नाही. हरकत असेल तर ती जबाबात लिहून द्यावी. भूकरमापक, म्हणजे खात्याचे मोजणीदार, खुणा दाखवतात, मग मोजणी नकाशाची क प्रत मिळते. ती मान्य नसेल तर उपअधीक्षकांकडे निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते, त्याच्या वर जिल्हा अधीक्षकांची सुपर निमताना. खाजगी सर्व्हेअरची मोजणी स्वतःच्या समजुतीसाठी चांगली असते, पण वादात तिचा पाय टिकत नाही. कोर्टसुद्धा अतिक्रमणाच्या दाव्यात बहुधा भूमि अभिलेखच्याच अधिकाऱ्याला कमिशनर नेमून दोघांच्या जागा एकत्र मोजायला लावतं.

तुमचा प्लॉट मंजूर लेआउटमधला आहे हे तुमचं नशीब. गुंठेवारीच्या जागेत एकाच सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतात आणि हद्द फक्त खरेदीखताच्या चतुःसीमेत लिहिलेली. तिथे एका प्लॉटची मोजणी करायची तर सामाईक धारकांच्या सह्या गोळा करण्यातच वर्ष जातं. अशा जागेवाल्यांनी वाद होण्याआधी, शेजारी शेजाऱ्याशी बोलतोय तोवरच सह्या घेऊन ठेवाव्यात.

नऊ इंच खरे निघाले तर? तुम्हाला कोणीतरी सांगेल की बारा वर्षांहून जास्त ताबा आहे, जागा तुमची झाली. प्रतिकूल ताब्याचा कायदा इतका सोपा नाही. नुसता ताबा पुरत नाही, मूळ मालकाच्या हक्काला उघड विरोध करून तो ठेवला होता हे सिद्ध करावं लागतं. दोघांचाही समज "हीच हद्द" असा होता, तर तो विरोध दाखवायचा कुठून? वकील हा मुद्दा लेखी म्हणण्यात घालतील, घालू दे, पण त्याच्यावर घर उभं करू नका. मी तुमच्या जागी असतो तर नऊ इंच खरे निघाल्यावर कंपाउंड स्वखर्चाने सरकवून देण्याची तयारी पहिल्याच बैठकीत दाखवली असती, आणि त्या बदल्यात खोली हद्दीपासून मागे घ्यायला सांगितलं असतं. खुल्या दिलाने दिलेल्या नऊ इंचांनी बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी पाहिलंय.

सामासिक अंतराकडे येतो, ज्याला सगळे साईड मार्जिन म्हणतात. काका म्हणतात ती जागा त्यांचीच आहे. बरोबर, मालकी त्यांची आहे. पण तिथे बांधता येतं का हा वेगळा प्रश्न. मुंबई महानगरपालिका आणि इतर काही क्षेत्रं सोडून राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. प्लॉटचं क्षेत्र, पुढच्या रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची आणि भाग दाटीचा आहे की मोकळा, यावर किती अंतर सोडायचं ते ठरतं. मोकळ्या लेआउटमधल्या स्वतंत्र घराला बाजूची मार्जिन सोडावीच लागते. त्यामुळे कंपाउंडला चिकटून खोली मंजूर झाली असेल असं मला वाटत नाही, पण नकाशा बघितल्याशिवाय तसं कुणाला बोलू नका. काका नकाशा दाखवत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून मंजूर नकाशाची प्रत मागता येते. तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज लगेच टाका.

इथे एक गैरसमज इतका पसरलाय की तो वेगळा सांगायलाच हवा. "शेजाऱ्यानं ना हरकत लिहून दिलं की मार्जिनमध्ये बांधता येतं." येत नाही. मार्जिन ही शेजाऱ्याची मालमत्ता नाही की त्याने सोडून द्यावी. आग लागली तर माणूस तिथून जायचा असतो, वारा तिथून फिरायचा असतो. तुम्ही पाचशेच्या स्टॅम्पवर सही दिली तरी महापालिकेची कारवाई टळत नाही. उलट उद्या तुमच्याच तक्रारीच्या वेळी ती सही तुमच्या तोंडावर धरली जाते. म्हणून संबंध कितीही गोड असले तरी असल्या कागदावर सही करू नका, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या मजल्यासाठी दुसऱ्याकडे मागूही नका.

खिडकीच्या बाबतीत तुमची बाजू चांगली आहे. सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे एखाद्या इमारतीला ठरावीक खिडकीतून वीस वर्षं सलग, शांतपणे, हक्क म्हणून उजेड आणि हवा मिळत असेल तर तो हक्क पक्का होतो. तुमची खिडकी 1998 पासून आहे. पुरावा म्हणून तेव्हाचा मंजूर नकाशा, घरपट्टीचा उतारा, त्या खिडकीशेजारी काढलेला एखादा जुना कौटुंबिक फोटो शोधून ठेवा. बारशाच्या फोटोत मागे दिसणारी खिडकी मी पुराव्यात कामाला आलेली बघितलीय. मात्र या हक्काच्या मर्यादाही ओळखा. थोडा उजेड कमी झाला एवढ्याने भागत नाही, नुकसान ठोस असावं लागतं. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय ओट्यावर काम होत नाही, असं काहीतरी. खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा असा हक्क मिळत नाही. आणि अडथळा उभा राहिल्यावर तो माहीत असून वर्षभर मुकाट सहन केलात, तर वीस वर्षांचा सलग उपभोग तुटला असा बचाव त्यांना मिळतो. दाव्यातही उपभोगाचा काळ दावा दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. म्हणजे "बघू पुढे" म्हणून बसायचं नाही. लेखी हरकत आत्ताच, स्पीड पोस्टाने पोच पावतीसह, साध्या सभ्य भाषेत.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. खोलीचा स्लॅब कुठल्या बाजूला उतरता आहे आणि बाथरूमचं सांडपाणी कुठून जाणार, हे आजच विचारा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. हद्दीजवळचा एखादा चेंबर गळत राहिला तर तीन-चार वर्षांत तुमच्या पूर्वेच्या भिंतीला तिरके तडे दिसू लागतील आणि कारण कुणालाच सापडणार नाही. पन्हाळीचं पाणी शेजाऱ्याच्या आवारात सोडण्याचा हक्क असाच कुणाला मिळत नाही. चार इंची पाइपने ते स्वतःच्या अंगणात उतरवायचं, पाइप आणि मजुरी धरून खर्च अगदी किरकोळ. मी मिटवलेल्या भांडणांपैकी कितीतरी भिंतीवरून सुरू झालेली वाटायची, आणि खोलात गेलं की सगळं दुखणं पावसाळ्यात अंगणात पडणाऱ्या पागोळ्यांचं निघायचं.

बोलणं फिसकटलं तर दोन वाटा आहेत, त्या वेगवेगळ्या ठेवा. विनापरवाना किंवा नकाशाबाहेरचं बांधकाम ही महापालिकेची बाब. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम 1966 च्या कलम 54 खाली सुरू असलेलं काम थांबवण्याची नोटीस देता येते आणि कलम 53 खाली झालेलं काढायला सांगता येतं. नियमात बसणारं असेल तर ते ठेवण्यासाठी समोरचा परवानगीचा अर्जही करू शकतो. तक्रारीत "अतिक्रमण", "दादागिरी" असले शब्द नकोत. प्लॉट नंबर, खड्ड्याची तारीख, टेपसह फोटो, आणि मार्जिनमध्ये काम सुरू आहे एवढं एक वाक्य. खिडकी, पाया, नऊ इंच ही तुमच्या खाजगी हक्काची बाब, ती दिवाणी न्यायालयाची. तिथे तात्पुरता मनाई हुकूम मागताना तीन गोष्टी बघतात: सकृतदर्शनी तुमची बाजू आहे का, हुकूम दिल्याने किंवा न दिल्याने जास्त गैरसोय कुणाची, आणि नुकसान पैशाने भरून येण्यासारखं आहे का. जोतं होण्याआधी कोर्टात गेलेला माणूस आणि स्लॅब पडल्यावर गेलेला माणूस यांना या तराजूत एकच वजन मिळत नाही. बांधकाम पूर्ण झाल्यावर, विशेषतः अतिक्रमण काही इंचांचं असेल तर, पाडण्याऐवजी भरपाईवर बोळवण होण्याची शक्यता वाढते.

दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन प्रकरण दावापूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करता येते. तिथली तडजोड हुकूमनाम्यासारखीच अंमलात येते, आणि तिच्यावर अपील नाही. शेजाऱ्यांच्या वादाला मला ही जागा सगळ्यात योग्य वाटते. जन्मभर शेजारी राहायचंय, तिथे एकाने जिंकून दुसऱ्याने हरण्यापेक्षा दोघांनी मिळून एक नकाशा सही करणं बरं. तुमच्या प्रकरणात मला दिसणारी तडजोड अशी: बाथरूम घराच्या मागच्या बाजूला, जिथे नियम परवानगी देईल तिथे हलवायचं, कंपाउंडला लागून बाजूला काही बांधायचं नाही, आणि मोजणीत निघेल ती हद्द दोघांनी मानायची. काकांना खोली कशासाठी हवीय तेही विचारून बघा. गुडघ्याच्या दुखण्याने वरच्या मजल्यावर झोपायला जाता येत नाही म्हणून खाली खोली हवी, असं एका घरात निघालं होतं. तिथे आम्ही जिन्याखालची अडगळ मोकळी करून आतच बाथरूम बसवलं आणि मार्जिन मोकळी राहिली.

शेवटी तुमचा मजला. तक्रार करण्याआधी 1998 चा तुमचा मंजूर नकाशा टेबलावर पसरा आणि घर त्याप्रमाणे आहे का ते पाहा. पश्चिमेच्या मार्जिनमध्ये पत्र्याची शेड, मागे बंदिस्त केलेला व्हरांडा, असं काही आहे का? तपासणीला आलेला अभियंता कंपाउंडच्या एकाच बाजूचं बघून जात नाही. असेल तर आधी ते काढा किंवा नियमात बसत असेल तर नियमित करून घ्या. मजल्याच्या परवानगीच्या वेळी ते निघणारच आहे. तळमजला वर मजला पेलेल असा बांधलाय का हेही कॉलम आणि फुटिंग उघडून तपासून घ्या. आणि काम सुरू करण्याआधी, सगळे कागद बरोबर असतील तर, दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. तिची मुदत नव्वद दिवस असते. त्या काळात कुणी मनाई मागायला गेलं तर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. काकांनीही तेच केलं असेल तर त्यांनी तुमच्यावर कुरघोडी केली असं मानू नका, कायद्याने दोघांनाही ती सोय दिलीय.

मोजणीच्या दिवशी एक काम विसरू नका. भूकरमापक हद्दीच्या कोपऱ्यांवर लाकडी खुंट्या किंवा रंगाच्या खुणा देऊन जातात. त्या आठवडाभरात गाई-गुरांच्या पायाने, पोरांच्या खेळात नाहीशा होतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. सकाळीच अर्धं पोतं सिमेंट, वाळू, खडी आणि दोन-दोन फुटांचे बारा एमएमच्या सळईचे तुकडे तयार ठेवा. खूण मिळाली की काका आणि भूकरमापक समोर असतानाच दीड फूट खड्डा घेऊन सळई काँक्रीटमध्ये उभी करा, वर चार बोटं दिसेल एवढी ठेवा. मग दोघांनी तिच्या बाजूला उभं राहून एक फोटो काढा.